शिट्टीवर पडणारं गाव

रविवारी उन्हं कलली की बोरटोल्यात एक लांब शिट्टी वाजे, आणि गाव जिथल्या तिथे आडवं होई.

विहिरीवरची वच्छला आधी घागर नीट बाजूला ठेवायची आणि मगच पडायची. तिच्या वाट्याला बेशुद्ध पडणं आलं होतं, आणि बेशुद्ध सुनेने घागर फोडली तर सासू तिला तिथल्या तिथे शुद्धीवर आणते हे तिला पक्कं ठाऊक होतं. सेवकराम सुतार पोट धरून ओट्यावर कलंडायचा, त्याच्या पोटात गोळी असे. आणि बकाराम? बकाराम थेट चावडीसमोर, चार माणसं बघतील अशी जागा निवडून, दोन्ही पाय हवेत झाडत कोसळायचा.

"मेलो रे बापा! माही मांडी गेली! माह्या बैलाईले सांगजा, तुमचा धनी मेला!"

"बकाराम, मांडी मोडली तं पाय कसा हालवून राहिला तू?" जागेश्वर झोळणा सावरत धावत येऊन विचारायचा.

"तूच हालवला असन लेका! डाक्टर कोण हाय, तू का मी?"

मग हसू. मग दोन बांबूंत गोणपाट ओवून केलेली डोली, जुन्या लुगड्यांच्या फाडलेल्या पट्ट्या, आणि शेवटी सगळ्या "जखमीं"ना मूठ मूठ गूळ-मुरमुरे. गोरेगावच्या बाजारात बाहेरचे लोक म्हणत, "बोरटोल्याले पोरगी देताना इचार करा. तिथं दर आठवड्याले साथ येते अन् मुरमुरे खाऊन जाते."

जागेश्वर पलटणीच्या दवाखान्यातला शिपाई. बंदूक त्याने कधी चालवली नव्हती. सात वर्षं पेशावरकडे जखमा धुतल्या, हाडं बांधली, ऑपरेशनच्या वेळी साहेबाच्या हाताशी उभा राहिला. जर्मनच्या लढाईला सोळा-सतरा वर्षं होऊन गेली होती, नवी लढाई कुठे नव्हती, म्हणून सरकारने त्याला राखीव म्हणून घरी धाडलं. धानाची बांधी सांभाळ, आणि दर माघात महिनाभर कामठीच्या छावणीत येऊन हात अजून चालतो का ते दाखव, एवढी अट.

मागच्या माघात हात चालला नव्हता.

त्याच्या बायकोला, रुख्माला, तो दिवस आठवे. तो कामठीहून आला, तान्ह्या लेकीला, चिमीला, उचललं नाही, पाय धुतले नाहीत, ओसरीवर बसून नुसता आपले पंजे पाहत राहिला. चिखलाने भेगाळलेले, विळ्याने घट्टे पडलेले पंजे. मग म्हणाला, "साहेबानं हात धरला माहा. म्हणाला, 'जागेश्वर, ये तो हल के हाथ हो गये.' नांगराचे हात. गाठ माराले सांगतली, तं धागा तुटला. दुसऱ्यांदा बी तुटला. पुढच्या साली बी असंच झालं तं नाव कटन."

"अन् कटलं तं?" रुख्माने विचारलं.

"तं मी निस्ता शेतकरी."

"मंग? निस्ते शेतकरी माणसं नाईत काय?"

तो हसला. "तसं नोहे वो. विळा भिंतीले टांगून ठेवला तं गंजतेच नं? कामठीत बी तेच हाल होऊन राहिले. लढाई नाई, जखमी नाई. हिवताप अन् खरूज, बस. पोरं दिवसभर ताप मोजते. उद्या खराखुरा जखमी समोर आला तं त्याच्या अंगावर शिकतीन काय ते?"

त्या माघापासून गाव आडवं पडू लागलं. आधी त्याने भोपळ्याला पट्ट्या बांधल्या, मग बैलाच्या पायाला, मग बायकोला. रुख्मा भाकरी थापत असली तरी तिचा डावा हात गळ्यात अडकवलेला असे. "दाब कुठं द्याचा?" तो विचारी. "दंडाच्या आतून, हाडावर," ती एका हाताने भाकर उलटत सांगे. चिमीची तर गंमतच. डोक्याला टोपीसारखी गोल पट्टी बांधली की ती अंगठा तोंडात घालून लगेच झोपी जायची. पुढे पुढे पट्टीशिवाय तिला झोपच येईना. पाहुणे यायचे आणि पाळण्यात डोकावून हळहळायचे, "अगं माय, एवढीशी पोट्टी, डोस्क्याले काय झालं वो?"

"झोप झाली," रुख्मा सांगे.

गावात कोणाला लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून कोणाला काय लागलंय हे सांगायला जागेश्वरने तेंदूची पानं वापरली. पानाला एक खाच असली तर हाड मोडलं, दोन असल्या तर रक्त वाहतंय, तीन असल्या तर पोट. आणि एक लांब शिट्टी वाजली की पडायचं, दोन आखूड वाजल्या की डोलीवाल्यांनी धावायचं. गावाला हे सगळं दंडारीच्या खेळातल्या सोंगासारखं आवडलं. फक्त त्याची माय अनुसयाबाई कपाळावर हात मारून घ्यायची. "जित्या माणसाईले मेल्यासारखं पाडते माहा पोरगा! बरं दिसते काय हे?"

पट्ट्या जमल्या, डोली जमली, हाडं जमली. गाठ जमेना.

रक्ताची नळी तुटली की ती आत, मांसात जाऊन बसते. तिला चिमट्याने धरायचं आणि खोलात बोटं घालून, न ओढता, धाग्याची गाठ मारायची. त्यासाठी जागेश्वर पितळी लोट्याच्या तळाशी एक चिंचोका ठेवी आणि त्याला तिथेच, आतल्या आत, गाठ मारायला बघे. पावसाळाभर रोवणी केल्यावर तर बोटं आणखीच जाड झाली. धान घरात आलं, थंडी पडली, आणि लोट्यात अजून चिंचोकाच सुटा.

अशाच एका दुपारी रुख्मा सूप मांडीवर घेऊन बिड्या वळत होती. चिमी पदराखाली पीत होती. गोंदियाच्या दुलीचंद ठेकेदाराची पानं-तंबाखू गावात येई आणि गावातल्या निम्म्या बाया बिड्या वळत. जागेश्वरचा धागा तुटला. पुन्हा तुटला. तिसऱ्यांदा त्याने लोटाच आपटला, तशी चिमी दचकून रडली.

"आणा इकडं," रुख्मा म्हणाली. चिमीला तसंच एका हाताने सावरत तिने दुसऱ्या हाताची तीन बोटं लोट्यात घातली. आत काय केलं ते दिसलं नाही. बोटं बाहेर आली तेव्हा चिंचोक्याच्या कमरेला धागा बसला होता, बिडीला बसतो तसा.

जागेश्वरने लोटा उजेडात धरला. आत पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, पुन्हा आत पाहिलं.

"एका हातानं?"

"दुसऱ्या हातात तुमची पोट्टी होती नं."

तो तिथेच, अंगणात, तिच्या समोर मांडी घालून बसला. "मले शिकव."

"बिडी? तुमाले?"

"बिडी."

तर असा पेशावरची सर्जरी पाहिलेला शिपाई बायकांच्या ओळीत बिडी वळायला बसला. पान कैचीने कापायचं, तंबाखू सारखी पसरायची, दोन अंगठ्यांत वळायचं, टोक दुमडायचं, धाग्याचे दोन फेरे. त्याची पहिली बिडी एका बाजूने जाड, दुसऱ्या बाजूने उघडी झाली. बकारामने ती कानाला लावून पाहिली.

"डाक्टर, हे बिडी होय का पुंगी? फुंकली तं नाग निंगन हिच्यातून!"

"बकाराम, जा नं बावा तुह्या कामाले."

"माहं काम म्हणजे तुह्या शिट्टीवर मराचं. ते रविवारी. आज मोकळा हावो."

अनुसयाबाईने सुनेला गोठ्यामागे गाठलं. "कायले शिकवते वो त्याले? नाव कटू दे नं. उद्या कुठं लढाई लागली तं राखीववाल्याईले पहिले नेतीन. तुले समजून नाई राहिलं काय?"

रुख्माला समजत होतं. रोज सकाळी सडा टाकताना समजायचं. म्हणूनच तर तिने तीन दिवस एक गोष्ट केली होती, कोणाला न सांगता. बिडीचं पान आदल्या दिवशी ओल्या फडक्यात ठेवावं लागतं, नाहीतर वळताना तडकतं. आपल्या सुपात ती ओली पानं घ्यायची आणि त्याच्या सुपात कोरडी टाकायची. त्याच्या बिड्या फुटत राहिल्या. चौथ्या दिवशी तिने पाहिलं, तो ओसरीच्या कोपऱ्यात कोमट तेलाची वाटी घेऊन बसला होता, आणि एकेक बोट तेलात बुडवून, चिमीला मालिश करतात तशा मायेने, चोळत होता. त्याला वाटत होतं, खोट बोटांत आहे.

रुख्मा आत गेली. फडकं भिजवलं. त्या दिवसापासून दोन्ही सुपांत ओली पानं पडू लागली.

पौष सरेपर्यंत त्याच्या बिड्या दुलीचंदचा माणूस पारखून घेऊ लागला. लोट्यात गाठ बसू लागली, पण चारात एकदा धागा अजून निसटे. आणि कामठीला जायला आठ दिवस उरले होते.

त्याच आठवड्यात शेजारच्या गावी बैलांच्या शर्यतींचा शंकरपट भरला. बैलजोडी, हलकासा छकडा, त्यावर उभा राहून हाकणारा धुरकरी, आणि डोळ्यांचं पातं लवतं न लवतं तोच पार झालेली जोडी. चार गावांचे लोक जमले. बोरटोला झाडून आलं होतं. जागेश्वरने झोळणा गळ्यात अडकवला होता. त्यात पट्ट्या, कामठीच्या बाजारातून आणलेला चिमटा, आणि स्पिरिटच्या बाटलीत बुडवलेला, उकळून घेतलेला धागा.

"पटावर बी पट्ट्या?" अनुसयाबाई म्हणाली. "लगीन होतं तवा बी आणल्या असत्या यानं."

दुपारच्या पाचव्या-सहाव्या फेरीला एक जोडी बिथरली. डावीकडचा बैल दोरीपलीकडे शिरला, छकडा कलंडला, धुरकरी उडून चाऱ्याच्या ढिगात पडला आणि धूळ अशी उठली की आपला हात आपल्याला दिसेना. जागेश्वर दुसऱ्या टोकाला होता. त्याने धावता धावता शिट्टी तोंडात घातली. वाजवायच्या होत्या दोन आखूड, डोलीवाल्यांसाठी. धाप लागली होती, वाजली एक लांब.

आणि बोरटोला गाव आडवं झालं.

सवयच ती. वच्छला बेशुद्ध पडली. सेवकरामने पोट धरलं. म्हातारेकोतारे, आयाबाया, सगळे आपापल्या दुखण्यानिशी धुळीत पसरले आणि कण्हू लागले. धूळ बसू लागली तसं बाकीच्या तीन गावांना दिसलं की एका छकड्याने पन्नास माणसं लोळवली. कोणीतरी किंचाळलं. एका म्हाताऱ्याने पागोटं काढून हातात घेतलं. पटाचा पंच "राम राम राम" म्हणत मटकन खाली बसला.

जागेश्वर वेड्यासारखा या माणसाकडून त्या माणसाकडे धावत होता.

"सेवकराम, तू खरा का खोटा?"

"पोटात गोळी, दादा."

"उठ! वच्छला, तुले काय झालं?"

"बेशुद्ध हावो मी."

"अरे उठा रे सारे! हे खरं हाय! खरं हाय हे!"

"पहिले बी असंच म्हणत होता," कोणीतरी कण्हता कण्हता म्हणालं. "सोंग चांगलं वठाले पायजे म्हणून."

रुख्मा चिमीला कडेवर घेऊन बाभळीजवळ उभी होती. तिच्या कानांवर सगळा कल्लोळ येत होता. हा कण्हणारा, ती हुंदके देणारी, हे सगळे आवाज तिच्या ओळखीचे, दर रविवारचे. पण काहीतरी कमी होतं. भाजीत मीठ नसावं तसं. तिला क्षणभर कळेना काय कमी आहे. मग कळलं.

बकाराम ओरडत नव्हता.

तो तिला बाभळीच्या पलीकडे सापडला. बुंध्याला टेकून बसला होता, डावा हात धोतरात गुंडाळून पोटाशी धरलेला. चेहरा तांदळाच्या पिठासारखा. तिला पाहून हसला.

"काही नाई वो वहिनी. खरचटलं थोडं. तू जा, पोट्टी घाबरन."

धोतर लाल होऊन ठिबकत होतं. छकड्याच्या लोखंडी खिळीने कोपराखालचा हात आतल्या बाजूने उभा फाडला होता, आणि रक्त उसळी मारून येत होतं, थांबून पुन्हा उसळी मारत होतं. रुख्माने चिमीला मागून येणाऱ्या सासूच्या हातात दिलं. मग गुडघ्यावर बसून दोन्ही अंगठे बकारामच्या दंडाच्या आत, हाडावर रोवले. हेच ती वर्षभर भाकरी थापता थापता सांगत आली होती. उसळी बसली. पण अंगठे किती वेळ टिकणार?

"अजी!" तिने हाक मारली. "अजी, इकडं या!"

दहा-बारा जणांनी माना वर केल्या. चार गावांत "अजी" म्हणजे कोणाचाही नवरा. तिचा तेवढा वळला नाही.

रुख्माने डोळे मिटले आणि लग्नापासून जे कधी उच्चारलं नव्हतं ते जेवढा जीव होता तेवढ्याने उच्चारलं.

"जागेश्वर!"

तो आला. आधी दंडावर पट्टी आवळली आणि तिला म्हणाला, "सोड आता." मग बाटलीतून धागा काढला. चिमट्याने आत शोधलं, नळी सापडली, धरली. रुख्मा त्याच्या बोटांकडे पाहत होती. घट्टे तेच, भेगा त्याच. पण बोटांची टोकं आता तिची होती. तीच चाल, तोच अंगठा, तेच न ओढता बसवणं. एक फेरा. दुसरा फेरा. एक बिडी बांधायला लागतो तेवढाच वेळ लागला.

दंडाची पट्टी त्याने हळूहळू सैल केली. सगळे वाकून पाहत होते, बेशुद्ध वच्छलासुद्धा.

रक्त आलं नाही.

"बकाराम," जागेश्वर चिमटा पुसत म्हणाला, "दर रविवारी बोंबलते लेका, अन् आज गप्प काऊन बसला?"

बकारामचे ओठ कोरडे होते. "आज... खरंच दुखून राहिलं होतं नं बापा."

बैलगाडीत पेंढा टाकून त्याला गोंदियाच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरने जखम उघडली, आतली गाठ पाहिली आणि विचारलं, "ये किसने बाँधा?" मग ती तशीच राहू देऊन नुसती वरून शिवण घातली. सातव्या दिवशी बकाराम हात गळ्यात अडकवून परत आला आणि आल्या आल्या ओरडला, "वहिनी, डाक्टरचं नाव काय वो? चार गावाईनं ऐकलं, म्याच नाई ऐकलं. पुन्हा एक डाव सांग!" रुख्मा पदर तोंडाला लावून आत पळाली.

दुसऱ्या दिवशी जागेश्वर कामठीला निघाला. वळकटी बांधून झाली, आणि रुख्मा दारात अडून उभी राहिली. बाभळीपाशी पाहिलेली ती बोटं तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. ही बोटं घरी डांबून ठेवायची म्हणजे कुठल्यातरी बकारामचं रक्त वाहू द्यायचं, हे तिला आता सासूलाही सांगता आलं असतं. पण त्याआधी एक सांगायचं होतं.

"एक बोलाचं होतं. तेवेळी तुमच्या बिड्या फुटत होत्या नं, ते तुमचे हात नोहे. मी पानं कोरडी देत होती. तुमचं नाव कटावं म्हणून."

जागेश्वर चिमीच्या डोक्याची पट्टी सारखी करत होता. "मले माहीत हाय."

"माहीत हाय?"

"तुह्या सुपात ओली, माह्या सुपात कोरडी. इतका आंधळा हावो काय मी?"

"मंग बोलले काऊन नाई?"

"तुले भेव वाटत होतं, त्याले मी काय बोलू?" त्याने पट्टीची गाठ बसवली. "अन् कोरड्या पानावर हात जास्त सुधरते. न फुटू देता वळाचं म्हणजे गंमत नाई. तेल लावलं तं तू ओली द्यायले लागली. मी म्हटलं, जाऊ दे, बायको पाघळली."

रुख्माने वळकटीत काहीतरी खोचलं आणि त्याला वाट दिली. गाडीत बसल्यावर त्याने पाहिलं. ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं आणि धाग्याचं रीळ.

महिन्याने तो परत आला तेव्हा आधी चिमीला उचललं आणि पाय धुवायचे विसरला. ओसरीवर अर्धं गाव जमलं होतं.

"साहेबानं हात धरला," तो सांगू लागला. "उलटापालटा करून पायला. मंग नाकाले लावला अन् म्हणते, 'बीड़ी बहुत पीते हो?' मी म्हटलं, 'पीता नहीं साहब, बनाता हूँ.'"

"अगं माय!" अनुसयाबाई म्हणाली. "सायबाले सांगून देलं?"

"मंग त्यानं गाठ माराले लावली. एक डाव. दुसऱ्यांदा डोळे बांधून. मंग सारी नवी पोरं बोलावली, अन् मले म्हणते, इनको सिखाओ. आता कामठीत वीस लोटे आणले हायत, अन् वीस पोरं चिंचोके बांधून राहिली."

"नाव?" रुख्माने खांबाआडून विचारलं.

"ऱ्हायलं."

अनुसयाबाईने सुनेकडे पाहिलं. रुख्माने सासूकडे पाहिलं. मग म्हातारी उठली आणि पुटपुटत चुलीकडे गेली, "मुरमुरे संपले हायत. रविवार परवाच हाय."

रविवारी शिट्टी वाजली, एक लांब. गाव आडवं झालं. कण्हणं, हुंदके, सगळं जागच्या जागी. जागेश्वर डोली घेऊन निघाला आणि चावडीसमोर थबकला.

बकाराम पडला होता, पण गप्प. डोळे मिटलेले, तोंड पांढरं, एक शब्द नाही.

जागेश्वरच्या हातातून डोलीचा बांबू सुटला. तो धावला, गुडघ्यावर आदळला, बकारामचा शिवलेला हात चाचपू लागला. "बकाराम! अरे, टाका तुटला काय? बोल नं! बकाराम!"

बकारामने एक डोळा उघडला. तोंडाला गव्हाचं पीठ लावलं होतं, ते आता घामाने ओघळत होतं.

"आता मले समजलं," तो कुजबुजला. "खरा दुखणाईत ओरडत नाई. इतके दिवस माहं काम चुकून राहिलं होतं."

जागेश्वरने तोंडावर हात घेतला आणि खांदे हलेपर्यंत हसत राहिला. पलीकडून रुख्मा आली, पट्टी बांधलेल्या चिमीला कडेवर घेऊन, आणि तिने बकारामच्या तोंडात मूठभर मुरमुरे कोंबले.

"ओरडा भाऊजी," ती म्हणाली. "तुमी ओरडून राहिले की मले घरात बरं वाटते."

"मेलो रे बापा!" बकारामने मुरमुऱ्यांसकट हाळी दिली, आणि चिमी खुदकन हसली.